मावशीचे बारा तास

गिस्लेन पहिल्याच टेकमध्ये मेली आणि तिथेच तिचं वाटोळं झालं. तूर्त असं काही घडलंच नाही, असं धरून चालू.

तर दुपारचे बारा वाजले होते, गिस्लेन जिवंत होती आणि रंगभूषाकार स्वाझिक पावडरीच्या पफने तिच्या चेहऱ्यावर मरणकळा चढवत होती.

"किती भरले, ताई?"

"आजचे धरून चारशे पंच्याण्णव."

"म्हणजे एकच दिवस राहिला."

"एकच. बारा तास. आणि उद्या माझं वर्ष संपतंय."

वर्षभरात कामाचे पाचशे सात तास भरले, तर नटनट्यांना बेकारीच्या महिन्यांत सरकारी भत्ता मिळतो. पाचशे सहा भरले, तर सरकार हात जोडतं. एकसष्टीच्या गिस्लेनचं घर, मांजर आणि दातांचा डॉक्टर या भत्त्यावर चालत.

सिनेमा असा : द्रोम प्रांतातल्या एका खेड्यात, लिंडनच्या झाडाखाली, मावशीच्या वाढदिवसाचं जेवण. टेबलाभोवती दहा देखणी माणसं. दहाही जणांचं चुकीच्या माणसावर प्रेम, आणि ते तोंडात घास असतानाच कबूल करायची सगळ्यांना घाई. मावशी, म्हणजे गिस्लेन, मध्येच मरते. कुणाचं लक्ष जात नाही. प्रेक्षकांचंही जाणार नाही, याची गिस्लेनला खात्री होती. टेबलावरची मेंढीची तंगडी परवा भाजलेली. ती चकाकावी म्हणून तिच्यावर तासातासाला तेल फवारत. तंगडीला मेलेलं दिसायचं होतं आणि ती दिसत होती. सबंध संचात एवढाच काय तो अभिनय.

दिग्दर्शक तांगी एकोणतिशीचा. भर उन्हात गळ्यात मफलर.

"मावशीबाई, ऊन आहे तोवर तुमचं मरण उरकून घेऊ. नाहीच जमलं, तर उद्या या."

उद्या या. गिस्लेनने हे दोन शब्द रुमालासारखे घडी करून ठेवले.

"नीट मरा हं," स्वाझिक म्हणाली.

"मुळीच नाही."

एक्केचाळीस वर्षांत तिने मुद्दाम वाईट काम केलं नव्हतं. पण शिकायला लांब जायची गरज नव्हती. टेबलाशी दहा मास्तर बसले होते. नायक गोंझागचा नाकातून निघणारा सुस्कारा तिने घेतला. नायिकेचा थरथरता खालचा ओठ घेतला. ती छातीवर हात ठेवून आभाळाकडे बघत राहिली, मग उचकी दिली आणि चीजच्या ताटलीत कपाळ टेकून मेली. एवढ्यावर भागेल असं वाटेना, म्हणून मेल्यावर तिने हात लांब केला, पावाचा तुकडा मोडला आणि तोंडात टाकला.

तंगडीवर एक गांधीलमाशी येऊन बसली. 'परत घेऊ' या शब्दांची वाट बघत गिस्लेन पाव चघळत राहिली.

तांगी मफलरमध्ये तोंड खुपसून रडत होता.

"मेल्यावरही भूक! अरे, हाच तर माझा सिनेमा! आणि एका टेकमध्ये! मावशीबाई, तुम्ही सुटलात."

"मेलेली बाई पाव खात होती," गोंझाग म्हणाला.

"तुला नाही कळायचं, राजा. तू नुसता सुंदर दिस."

गिस्लेनने डोकं उचललं. कपाळाला चीज तसंच होतं.

"एकदा परत करू. मी फार वाईट केलं."

"मोठी माणसं असंच म्हणतात."

"पण उद्या टेबलाशी मावशी लागेलच ना? जेवण संपलेलं नाही."

"पाठमोरी लागेल. तिथे पुतळा बसवू. त्याला ना गाडी लागते, ना जेवण."

स्वाझिकने पफ डबीत ठेवला आणि डबीचं झाकण उगाचच दोनदा लावलं.

दुसऱ्या दिवशी गिस्लेन बसने आली आणि लिंडनच्या पलीकडे उभी राहिली. पुतळ्याच्या डोक्यावर तिची टोपी होती, अंगावर तिचं निळं जाकीट. गोंझागने त्याच्या खांद्यावर हात ठेवून मेव्हणीवरचं प्रेम कबूल केलं. पुतळा जागचा हलला नाही. "बघा, याला म्हणतात संयम," असं तांगीने सगळ्यांना सुनावलं.

सोमवारी भत्ता कार्यालयात एक अर्ज दाखल झाला :

"अर्जदार सविनय निदर्शनास आणते की, दिनांक ३१ रोजी सकाळी नऊ ते रात्री नऊ या वेळेत एका पुतळ्याने अर्जदाराची टोपी व जाकीट परिधान करून अर्जदाराचे काम केले. सदर पुतळ्यास भत्त्याची निकड असल्याचे त्याच्या वर्तनावरून दिसून आले नाही. सबब, त्यास हरकत नोंदवण्यासाठी पंधरा दिवसांची मुदत देऊन, त्याचे बारा तास अर्जदाराच्या नावे वर्ग करण्यात यावेत, ही विनंती."