मास्तर काय म्हणाले

मास्तर गाडी चालवायला शिकवायचे. त्यांच्या ओरडण्यानेच अर्ध्या गावाचा पाय क्लचवर बसला होता. मग जिभेचा कॅन्सर निघाला. अर्धी जीभ काढून तिथे मांडीचं मांस आणि कातडी जोडली. दुसऱ्याच दिवशी त्या तुकड्यातलं रक्त गोठलं आणि मास्तरांना पळवत पुन्हा ऑपरेशनला नेलं. बायको बाहेर बाकावर जीव मुठीत धरून बसली होती.

तुकडा वाचला, रुजला. मास्तर जेवायला लागले. पण तो गोळा तोंडात मावत नसे आणि त्यांचं बोलणं फक्त बायकोलाच कळे. शिकवणं बंद पडलं.

वर्षभराने तपासणीला गेले, तेव्हा सर्जनबाई म्हणाल्या, "गोळा थोडा कमी करता येईल. ऑपरेशन लहानच आहे. बोलणं सुधारेल, पण पूर्वीसारखं होईलच असं नाही. करायचं का?"

मास्तर काहीतरी बोलले. बाईंनी बायकोकडे पाहिलं.

ते म्हणाले होते, "लगेच करा."

"नको म्हणतात," बायको म्हणाली. "आहे ते बरं आहे."

मास्तरांनी नुसती मान हलवली असती, तरी ती खोटी पडली असती. त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

त्या दिवशी तिला घास गिळवेना. ते मात्र काही झालंच नाही असे जेवले. संध्याकाळी ते घरात दिसेनात, म्हणून ती अंगणात आली. काचा बंद करून मास्तर गाडीत बसले होते आणि एकटेच "क्लच, क्लच" म्हणून पाहत होते. एकदाही नीट येत नव्हतं.

ती दार उघडून शेजारी बसली.

"अहो, मला तो बाक आठवला. पुन्हा तिथे बसायचा धीर होईना. पण तुम्ही गप्प का राहिलात?"

"चारचौघांत तुला खोटं पाडू?"

"मी तुमचं तोंड बंद केलं हो."

"लग्न झाल्यापासून तेच करायला बघत होतीस," मास्तर म्हणाले. "आज जमलं."

तिला हसू आलं, आणि मग रडू आवरेना.

सकाळीच दोघं दवाखान्यात गेली. "काल मी खोटं बोलले," तिने बाईंना सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

ऑपरेशन नीट पार पडलं. 'क्लच' अजून येत नाही, 'ब्रेक'चा 'बेक' होतो, पण शिकणाऱ्यांचा पाय बरोबर पडतो. मास्तर पुन्हा दिवसभर ओरडतात. ती खिडकीतून ऐकते आणि हातातलं काम तसंच राहतं. हा आवाज आपण त्यांना मिळू देणार नव्हतो, हे काही केल्या तिच्या मनातून जात नाही.