हलवलेली बाटली

मी औषधाची बाटली बोलतेय. बोटाएवढी, काचेची, रबरी बुचाची. माझ्यात आहे ते पाण्यासारखं दिसतं, पण पाणी नाही. एका बाईच्या रक्ताची ती आठवण आहे.

ती बाई कपडे शिवायची. श्वासाच्या विषाणूनं तिला अंथरुणाला खिळवलं, तरी ती उठली. विषाणूला धरून ठेवणाऱ्या अँटीबॉडी तिच्या रक्तात तयार झाल्या होत्या. "घ्या रक्त, पण नंतर चहा पाजा हं," ती दंड पुढे करत म्हणाली. प्रयोगशाळेतल्या चष्मेवाल्या ताईंनी धान्य निवडावं तसं ते निवडलं आणि सगळ्यात घट्ट पकडणारी अँटीबॉडी शोधली. मग तिच्यासारख्या कोट्यवधी अँटीबॉडी कोमट पिंपात वाढवल्या. ते पिंप माझ्यातल्या औषधाला अजून आठवतं. कुणीतरी हळूहळू झोका देतंय असं वाटायचं.

किती वर्षं तपासण्या चालल्या! मग थंड पेटीतून मी दवाखान्याच्या फ्रिजमध्ये आले. तिथं आम्ही दोघीच उरलो होतो, मी आणि माझी बहीण.

एका दुपारी सिस्टरनी मला काढून खाटेजवळ ठेवलं. "गारठा जाऊ दे हिचा. आलेच मी," म्हणत त्या सलाइन आणायला गेल्या. खाटेवर तीन महिन्यांचं बाळ होतं. श्वास घेताना त्याच्या बरगड्यांखाली खड्डा पडायचा. त्याची आई तो खड्डाच बघत बसली होती.

तिनं मला उचललं आणि घरच्या खोकल्याच्या औषधासारखं गदागदा हलवलं. तळाचं औषध वर यावं म्हणून, दुसरं काही नाही. माझ्यात फेस दाटला. अँटीबॉडी फार नाजूक असतात हो, घुसळल्या की उसवतात. त्या बुडबुड्यांत मला खिडकी दिसली, छत दिसलं, आईचे इवले इवले चेहरे दिसले.

मग तिनं माझ्यावरची चिठ्ठी वाचली. 'हलवू नये.'

सिस्टर येईपर्यंत फेस बसला. मी पुन्हा नितळ. खरं काय ते मला आणि त्या आईलाच ठाऊक. फ्रिजमध्ये दुसरी बाटली आहे हे तिला कुठं माहीत?

"सिस्टर, थांबा... मी हलवली हिला. आता माझ्या बाळाला काय देणार?"

"अगं बाई! लोणी काढायचं होतं का?" सिस्टर ओरडल्या. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बोललीस ते बरं केलंस. एक आहे अजून. पण तिला मीच धरून बसते."

माझी बहीण सलाइनमधून थेंबथेंब बाळाच्या अंगात उतरली. तिसऱ्या दिवशी खड्डा दिसेना. बाळ दूध ओढायला लागलं, तेही अगदी आवाज करून.

मला सिस्टरनी खिडकीत ठेवलंय. नवी आई आली की मला दाखवतात. बायांनो, मला हलवू नका. पण हललंच हातून, तर गप्प बसू नका.

घरी निघताना त्या आईनं बाळाला उचलून माझ्यासमोर धरलं. त्याच्या श्वासाची वाफ माझ्या काचेवर बसली. ती अजून तिथंच आहे, असं मला वाटतं.