खालच्या खोलीची मोरी

वादळाची खबर आली की आमच्या घरी कामाला सुरुवात आईपासून व्हायची. आधी आईला वर न्यायचं, मग बाकीचं सगळं. तिचे गुडघे कधीचेच कामातून गेले होते आणि ती तळमजल्यावर मागच्या खोलीत राहायची. हातांच्या लाकडी खुर्चीत तिला बसवायचं, पुढून बाबा धरायचे, मागून दादा, आणि जिन्याच्या वळणावर तिचं ठरलेलं वाक्य यायचं, "अरे, माणूस आहे मी, कपाट नाही." जिना संपला की खुर्ची कठड्यापाशी ठेवायची, खालचं दिसेल अशी. तिथून पुढे घराचा ताबा तिच्याकडे. पाय गेले तरी तोंड शाबूत आहे, असं ती स्वतःच म्हणायची.

मग ती वरून एकेक विचारायची आणि आम्ही खालून उत्तरं द्यायचो. गाद्या? वर आणल्या. फ्रिज? विटांवर चढवला. खिडक्यांच्या फळ्या? ठोकल्या. मेन स्विच? बंद. आणि सगळ्यात शेवटी बाबांना, "अहो, मोऱ्या?" बाबा खालून ओरडायचे, "बुजवल्या गं." मग ती म्हणायची, "मग या वर." हे म्हटल्याशिवाय काम संपलं असं आमच्याकडे कुणी धरत नसे.

मोऱ्यांचं काम बाबांचं. आमचं घर उताराच्या तळाशी आहे. वादळात पाणी दारातून येतं ते येतंच, पण रस्त्याखालचं गटार तुंबलं की तेच पाणी उलटं फिरून मोरीच्या भोकातून घरात चढतं. दाराला वाळूची पोती लावून निवांत बसणाऱ्या शेजाऱ्यांची घरं आतून भरलेली आम्ही पाहिली आहेत. बाबांचं पंक्चरचं दुकान होतं. जुन्या ट्यूबचे तुकडे दोन्ही तोंडांना चिकटवून त्यांनी फुगे केले होते. फुगा भोकात सारायचा, सायकलच्या पंपाने हवा भरायची, वर दगड ठेवायचा. आमच्या तीन मोऱ्या: स्वयंपाकघराची, मागच्या न्हाणीघराची आणि आईच्या खोलीतली. आईची सर्वांत शेवटी, कारण ती वर जाईपर्यंत तिला ती लागायची.

थंडी संपता संपता आई गेली. झोपेतच गेली, कुणाला हाक न मारता. जन्मभर दर पाच मिनिटांनी हाक मारणारी बाई जाताना मात्र गप्प गेली, याचा मला अजून राग येतो.

त्यानंतर बाबांनी ती खोली जशीच्या तशी ठेवली. पलंगावरची चादर बदलायची नाही, उशीचा अभ्रा काढायचा नाही, पलंगाच्या कठड्यावरची तपकिरी शाल हलवायची नाही. मी लॉन्ड्रीत काम करते. दिवसभर परक्या लोकांचे मळके कपडे धुणारी मी, आणि माझ्याच घरात एक चादर महिनोन्‌महिने तशीच. मी एकदा अभ्र्याला हात लावला तर बाबा म्हणाले, "राहू दे. तिचा वास आहे त्याला." मग त्यांनी दाराला कुलूपच घातलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. दुपारी ते आत जाऊन बसायचे. दार चटकन लावून घ्यायचे, खिडकी तर कधी उघडायचेच नाहीत. वास उडून जाईल अशी भीती त्यांना होती, आणि ती काही खोटी नव्हती. बाबांकडे तिचं म्हणून तेवढंच उरलं होतं.

अशात पहिल्या वादळाची खबर आली.

दादा सकाळीच येऊन दाखल झाला. तो पलीकडच्या वस्तीत राहतो, बांधकामावर मुकादम आहे, त्यामुळे घरातही मुकादमासारखा वागतो. पण त्या दिवशी तोही दिवाणखान्यात उभाच राहिला. बाबा उभे, मी उभी. सुरुवात कुठून करायची तेच कुणाला सुचेना. आधी आईला न्यायचं असतं, ते तर नाही. शेवटी दादा म्हणाला, "चला, पोती भरू," आणि आम्ही तिघेही घाईने अंगणात गेलो, जणू कुणीतरी आम्हाला तिथून सोडवलं.

काम मात्र आम्ही चोख केलं. उंबऱ्यावर जाड प्लॅस्टिक अंथरून त्यावर पोती रचली, प्रत्येक पोतं पायाने दाबून बसवलं, प्लॅस्टिकची कड वर घेऊन पुन्हा पोत्यांखाली खोचली. मागच्या दाराला तसंच. खिडक्यांना फळ्या ठोकल्या. गाद्या, शिलाई मशीन, तांदळाचे डबे सगळं वर गेलं. बाबा पंप घेऊन मोऱ्यांच्या मागे लागले. आईच्या खोलीशी मी थांबले.

"बाबा, इथलं सामान वर न्यायला हवं."

"तिथलं मी बघतो."

"एकट्याने पलंग कसा हलवाल?"

"म्हटलं ना, बघतो. तू वरचं आवर."

मी वर गेले. नंतर जिन्यातून विचारलं, "आईची खोली झाली का?" बाबा म्हणाले, "झाली." आवाज जरा बसका होता. मला वाटलं, दमलेत. आईने एवढ्यावरून ओळखलं असतं. तिला बाबांच्या आवाजावरून दुकानात गिऱ्हाईक किती आलं तेसुद्धा कळायचं. मला नाही कळलं.

दुपारी वादळ डोक्यावर आलं. आम्ही तिघे वरच्या खोलीत बसून छताचे आवाज ऐकत होतो. बऱ्याच वेळाने दादा टॉर्च घेऊन जिन्यात गेला आणि तिथूनच त्याने मला हाक मारली. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. पुढच्या दाराची पोती जागची हलली नव्हती. पोत्यांनी पाण्याचा थेंब आत येऊ दिला नव्हता. आणि आईच्या खोलीच्या बंद दाराखालून काळं पाणी बाहेर येत होतं, शांतपणे, कसलाही आवाज न करता. त्या पाण्यावर तिच्या स्लिपरपैकी एक तरंगत होती, दाराखालच्या फटीतून ती कशी आली देव जाणे.

दादाने मागे वळून बाबांकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही म्हणालात झाली म्हणून."

बाबा उठले. ते खाली उतरले. पाणी त्यांच्या घोट्यावर आलं, मग पोटरीवर. खिशातून किल्ली काढून ते दारापाशी उभे राहिले, आणि ती कुलपात घालायला त्यांचा हात काही उठेना. दादाने त्यांना दंडाला धरून वर आणलं. आता फुगा लावूनही उपयोग नव्हता, पाण्याचा जोर फार होता. बाबा वर येऊन बसले ते नेमके कठड्यापाशी, आईच्या जागेवर. हे त्यांच्या लक्षात आलं तसे ते उठून दुसरीकडे बसले.

आमची पोती इतकी छान बसली होती की आत आलेलं पाणी बाहेर जायलाच तयार नव्हतं. वारा थांबल्यावर आमचं पहिलं काम म्हणजे आम्हीच रचलेली पोती उपसून काढणं. बाहेरचा रस्ता मोकळा झाला आणि आमच्या घरातून ओढा वाहत होता. शेजारच्या काकू फाटकाशी थांबून म्हणाल्या, "अगं, तुमच्याकडे तर दरवेळी सगळं कोरडं असतं." मी म्हटलं, "यंदा बदल म्हणून." त्यांना हसावं की नाही कळलं नाही. मलाही.

आईच्या खोलीचं दार फुगून चौकटीत रुतलं होतं. किल्ली फिरली, दार हललं नाही. दादाने पहार घातली. दार निघालं तेव्हा जो वास आला त्याने मी तोंड फिरवलं. मी लॉन्ड्रीतली, वासाचं मला कौतुक नाही, पण तो गटाराचा वास होता आणि तो माझ्या आईच्या खोलीतून येत होता.

गादी पाणी पिऊन इतकी जड झाली होती की तिघांना उचलेना. उशी गाळात पडली होती. मोरीचं भोक उघडं होतं. त्याच्या शेजारी जमिनीवर तो फुगा होता, हवा न भरलेला.

बाबा तो हातात घेऊन पलंगाच्या लोखंडी कडेवर बसले.

"मी आलो होतो," ते म्हणाले. "पंप घेऊन आलो होतो. पण मोरी बुजवायची म्हणजे तिला आधी वर न्यायचं. कायम तसंच केलंय मी. खुर्चीकडे बघितलं, तर रिकामी. मग मला कळेना की पुढे काय. दार लावलं आणि तसाच आलो."

दादा रागात होता, मला दिसत होतं. घराचा अख्खा तळमजला गेला होता.  तरी तो बाबांजवळ बसला आणि त्यांच्या हातातला फुगा हळूच काढून घेतला. "बाबा, ही खोली आज रिकामी करावी लागेल," तो म्हणाला. "उद्यापर्यंत ठेवली तर बुरशी भिंतीत चढेल. गिलावासुद्धा ओलीच्या वरपर्यंत खरवडायला लागेल."

"सगळं?"

"सगळं."

बाबांनी मान हलवली. गादी त्यांनी आम्हाला फाडू दिली, तुकड्या-तुकड्यांनी ती रस्त्याच्या कडेला गेली. उशी गेली, चादर गेली, कपाट गेलं. शेवटी त्यांनी गाळातून ती तपकिरी शाल उचलली, पिळली, घडी घातली आणि माझ्याकडे दिली.

"धू," ते म्हणाले.

इतके महिने मी हेच मागत होते. आता ते मिळालं तर मला नको होतं.

शाल मी मशीनमध्ये घातली नाही. लॉन्ड्रीतली बाकीची कामं बाजूला सारून ती हाताने धुतली. गार पाण्यात भिजवली, गाळ निघेपर्यंत पाणी बदललं, मग जंतुनाशक, मग साबण, मग पुन्हा साधं पाणी. सावलीत वाळवली. एवढ्या मन लावून मी आयुष्यात काही धुतलं नसेल, आणि धुताना सारखं मनात येत होतं की मी जितकी नीट धुतेय तितकं वाईट करतेय. पण गटाराचं पाणी लागलेली शाल माणूस अंगावर कशी घेणार? बाबांना नेऊन दिली. त्यांनी ती नाकाशी धरली, बराच वेळ. मग म्हणाले, "स्वच्छ झालीय." आणि माझ्या हातात परत दिली. "तूच वापर."

मी घरामागे जाऊन रडले. आई गेली त्या दिवशी इतकी रडले नव्हते. तेव्हा माणसं होती, चहा करायचा होता.

भिंती वाळायला लागल्या. दादाने खालचा गिलावा विटांपर्यंत उतरवला, मी ब्लीचिंग पावडर टाकून फरशी घासली, दारंखिडक्या दिवसभर उघड्या ठेवल्या. वारा त्या खोलीत खुशाल इकडून तिकडे जायचा. बाबा दुपारी तिथे जाईनासे झाले. आत बसायला काही नव्हतंच.

अजून नवा गिलावा चढायचा होता, तेवढ्यात दुसऱ्या वादळाची खबर आली. या वेळी दादाला यायला उशीर झाला. मी कामावरून आले तेव्हा बाबांनी एकट्यानेच सुरुवात केली होती. आईची लाकडी खुर्ची, जी त्या पाण्यातून फक्त रंग जाऊन वाचली होती, ती ते छातीशी धरून जिना चढत होते. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाले, "नको, हलकी आहे." ती त्यांनी कठड्यापाशी ठेवली, खालचं दिसेल अशी. मग शांतपणे खाली उतरले आणि कामाला लागले.

मी वर गाद्या रचत होते. खालून पंपाचा आवाज येत होता, स्वयंपाकघरातून, मग न्हाणीघरातून, मग मागच्या खोलीतून. त्या रिकाम्या खोलीत तो जरा घुमत होता. तो थांबला. दगड सरकवल्याचा आवाज आला. मग पावलं जिन्याच्या पायथ्याशी आली आणि थांबली.

कुणी काही विचारलं नव्हतं. तरी बाबा खालून ओरडले, "बुजवल्या गं."

मी हातातली गादी तशीच सोडली. वर माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि बाबा पायरीवर पाय न ठेवता उभे होते. ते चढणार नव्हते, मला कळत होतं, काम संपल्याचं कुणी सांगेपर्यंत ते तिथेच उभे राहणार होते. मी खुर्चीपाशी गेले. कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. 

"मग या वर," मी म्हटलं.