कणखरांच्या पाटीवरचं दहावं नाव

नऊ नावं ठरली होती. दहाव्यापाशी गाडं अडलं होतं.

यारामुक गावच्या फूटी, म्हणजे तिकडच्या फुटबॉलच्या, क्लबला शंभर वर्षं झाली म्हणून हॉलमध्ये एक पाटी लागायची होती. क्लबच्या इतिहासातले सगळ्यांत कणखर दहा खेळाडू. लाल गमच्या झाडाचं लाकूड घासूनपुसून भिंतीला टेकवून ठेवलं होतं आणि अक्षरं कोरणारा मंगळवारी येणार होता. बाहेर जूनची, तिकडच्या हिवाळ्यातली, रविवारची दुपार होती. मैदानावर गुलाबी काकाकुवे गवत उपटत होते, गव्हाच्या उंच कोठारांची सावली गोलच्या खांबांपर्यंत लांबली होती. आत चाळीसेक माणसं, भोपळ्याचं सूप, सॉसेज रोल, आणि सकाळपासून न संपणारा वाद.

नियम अध्यक्ष आयव्हर टाँकिनने आधीच बजावला होता. "ज्याचं नाव सुचवायचंय, त्याच्याबरोबर नाहीतर त्याच्याविरुद्ध जो मैदानात उतरला असेल, त्यानेच उठून बोलायचं. कुंपणाबाहेरून बघितलेल्यांनी चहा प्यायचा."

ऐंशीच्या आयव्हरचा हा नियम सगळ्यांना पटला होता. हरकत होती फक्त डगी पिअर्सला, पण डगीची हरकत कशाला नसे?

"हॅडनचं नाव कसं काय घेतलंत?" तो अजून आठव्या नावाशीच झोंबत होता. "म्हणे बोट तुटलेलं रुमालात गुंडाळून शेवटचा पाव सामना खेळला. अरे, दातांच्या डॉक्टरच्या दारातून पळून आला होता तो! मी धरून नेलं होतं त्याला."

"तू धरून नेलंस? तू बाहेर बसून त्याच्यापेक्षा जास्त रडत होतास," मागून कुणीतरी म्हणालं आणि हॉल हसला.

ग्लेनिस हसली नाही. ती चहाच्या टाकीपाशी उभी राहून धुतलेलेच कप पुन्हा पुसत होती. दहावं नाव कुणाचं येणार हे तिला ठाऊक होतं. पंधरा दिवस तिच्याच स्वयंपाकघरात तेच चाललं होतं.

"चला," आयव्हरने टेबलावर चमचा वाजवला. "व्हर्न रड."

टाळ्या पडल्या. खिडकीजवळ बसलेल्या तिच्या थोरल्या भावाने, व्हर्नने, नको नको म्हणत हात हलवला. त्र्याहत्तर वर्षांचा, अजून दारभर रुंद. ऐरण म्हणायचे त्याला, कारण त्याच्यावर आपटणारा वाकायचा, तो वाकायचा नाही. बायको गेल्यापासून तो दर रविवारी ग्लेनिसकडे जेवायला यायचा. तिचा नवरा नॉरी आणि तो जेवण झाल्यावर व्हरांड्यात पाय पसरून, एकही शब्द न बोलता तासभर बसायचे. तशी दोस्ती.

आणि या व्हर्ननेच सत्त्याहत्तर साली, शेजारच्या स्टोनी बेंडविरुद्धच्या सामन्यात, नॉरीचा जबडा फोडला होता.

नॉरी तेव्हा स्टोनी बेंडचा. चोवीस वर्षांचा, वाऱ्यासारखा उंच उडणारा. मेलबर्नच्या मोठ्या क्लबचं पत्र त्याच्या खिशात होतं, उन्हाळ्यात सरावाला ये म्हणून. जबडा जुळला तो वाकडाच जुळला. डाव्या डोळ्याला एकाचे दोन दिसू लागले, ते कायमचे. पत्र खिशातच राहिलं.

"व्हर्नसाठी कोण बोलणार?" आयव्हरने विचारलं, पण त्याची नजर आधीच वळली होती. "नॉरी, तू त्या दिवशी मैदानात होतास. तुझ्याएवढं जवळून कुणी बघितलेलं नाही, बाबा."

"बघितलं कुठे त्याने? तो तर खांबाला धडकला होता!" डगी ओरडला.

हॉल पुन्हा हसला. ही या गावची सगळ्यात जुनी गंमत. लीगच्या चौकशीत मार खाल्लेल्याने मारणाऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही दोन्ही गावांची रीत. पाय घसरला म्हणायचं, खांबाला धडकलो म्हणायचं. जबड्याला तारा बांधलेल्या नॉरीने समितीसमोर कागदावर लिहून दिलं होतं: मला काही दिसलं नाही. व्हर्न सुटला. दुसऱ्या शनिवारी यारामुकच्या माणसांनी शत्रूच्या त्या पोराला बिअर पाजली, नळीने ओढत ओढत प्यायली त्याने, आणि तिथूनच तो हळूहळू या गावचा झाला. दोन वर्षांनी जावईसुद्धा.

नॉरी उठला. एका हाताने त्याने खुर्चीची पाठ धरली, कारण नजरेला दोन खुर्च्या दिसायच्या आणि खरी कुठली हे हातालाच कळायचं.

ग्लेनिसच्या हातातला कप थांबला.

कारण मला काही दिसलं नाही ही थाप आहे असं चाळीस माणसं धरून चालली होती, आणि नॉरीने थाप मारलीच नव्हती. त्याला खरोखरच काही दिसलं नव्हतं. व्हर्न समोरून आला, तू खांबासारखा उभा राहिलास, पापणीही हलली नाही तुझी, हे त्याला इस्पितळात लोकांनी सांगितलं. लोकांना व्हर्नने सांगितलं होतं, आणि मार बसल्यामुळे आपल्याला आठवत नाही असं नॉरीने धरून घेतलं. चेंडू पार पलीकडच्या टोकाला होता, आणि फूटी बघणारा माणूस चेंडूखेरीज काही बघत नाही. अकराशे माणसांच्या माना तिकडे वळलेल्या. एकच मान वळली नव्हती.

तेवीस वर्षांची ग्लेनिस तेव्हा लाकडी मचाणावरच्या वेळेच्या खोलीत बसायची. घड्याळ सांभाळायचं, पाव सामना संपला की भोंगा वाजवायचा. तिने सगळं पाहिलं होतं. चौकशीत समितीने विचारलं, "वेळेच्या खोलीत तुम्ही होतात ना? काय दिसलं?" ती म्हणाली, "माझं लक्ष घड्याळाकडे होतं." बाहेर बाबा ट्रकमध्ये बसले होते. ते तेव्हा क्लबचे अध्यक्ष. ते फक्त एवढंच म्हणाले, "चल, आई थांबलीय."

आधी ती भावासाठी गप्प राहिली. मग लग्न मोडेल म्हणून. आणि मग इतकी वर्षं गप्प राहिले हे कोणत्या तोंडाने सांगू, म्हणून. असे एकावर एक दिवस बसत गेले, दुधावर साय धरावी तसे नाही, जखमेवर खपली धरावी तसे.

"मला भाषण येत नाही," नॉरी म्हणाला. वाकड्या जबड्यातून त्याचे शब्द जरा घासून यायचे. "तुम्ही सगळे मला विचारता, नॉरी, राग नाही येत का रे? आला की. दोन वर्षं आला. रात्री उठून आरशात बघायचो. मेलबर्नचं पत्र जाळलं मी, तुम्हाला माहीत नाही ते. पण मग मी मनाशी एक ठरवलं. जे गेलं ते एका मर्दाच्या हातून गेलं. तो समोरून आला. त्याने माझ्या डोळ्यांत बघितलं, मी त्याच्या बघितलं. आणि मी हललो नाही." तो थांबला. "तेवढ्यावर मी उभा आहे बघा इतकी वर्षं. ज्याने मला तेवढं दिलं, त्याचं नाव तिथे लागलं पाहिजे."

कुणी टाळी वाजवली नाही. चहाच्या टाकीतलं पाणी सुरसुरत होतं. व्हर्नने मान खाली घातली होती. लोकांना वाटलं, गहिवरला.

"हात वर करा," आयव्हर म्हणाला.

हात वर होऊ लागले. डगीचा सुद्धा.

आता बोलले नाही, तर मंगळवारी ते लाकडात कोरलं जाईल. आणि नॉरी दर शनिवारी या भिंतीखाली बसेल, मान वर करून ते नाव वाचेल, दोनदा. ग्लेनिसने कप खाली ठेवला.

"तो समोरून आला नव्हता."

आवाज आपलाच आहे हे तिला उशिरा कळलं.

"काय म्हणालीस, ग्लेन?" आयव्हर.

"व्हर्न समोरून नव्हता आला. मागून आला होता. नॉरी वाकून पायमोजा वर ओढत होता. त्याला कुणी येतंय हेही माहीत नव्हतं."

"ग्लेन, बस खाली," व्हर्न म्हणाला. तो रागावला नव्हता. लहानपणी ती कोठाराच्या शिडीवर फार उंच चढली की तो असाच म्हणायचा.

"बसणार नाही."

"अगं, तू तेव्हा मचाणावर होतीस. तुझं लक्ष घड्याळाकडे..."

"खोटं होतं ते. घड्याळाकडे नव्हतं आणि चेंडूकडेही नव्हतं." तिने नॉरीकडे पाहिलं. तो तिच्या किंचित डावीकडे बघत होता, तिथे त्याला दुसरी ग्लेनिस दिसत असणार. "सभागृहात दोनदा नाचलो होतो आपण. तुला आठवतं. यारामुकच्या अध्यक्षाच्या पोरीने स्टोनी बेंडच्या पोराकडे बघायचं नसतं. पण अख्खं गाव चेंडूकडे बघत असलं, की मला कोण बघणार? म्हणून मी तुझ्याकडे बघत होते. त्या अख्ख्या मोसमात मी दुसरं काही पाहिलंच नाही."

कुणाचा तरी चमचा जमिनीवर पडला. उचलायला कुणी वाकलं नाही.

आयव्हरने घसा साफ केला. "नियमाप्रमाणे, म्हणजे, कुंपणाबाहेरून बघितलेलं धरता येत नाही. सकाळीच ठरलंय आपलं."

"मी होतो ना आत?" नॉरी म्हणाला. "मी विचारतो. व्हर्न."

व्हर्न खिडकीबाहेर बघू लागला.

"व्हर्न, मी कुठे बघत होतो?"

"नॉरी, जुनं आहे रे सगळं..."

"समोरून आलास ना? मग माझा चेहरा बघितला असशील. सांग की. मी कुठे बघत होतो?"

व्हर्नने आपले दोन्ही पंजे टेबलावर उपडे ठेवले. मोठे, डाग पडलेले, म्हातारे पंजे. तो त्यांच्याकडे असं बघत राहिला, जसं काही दुसरंच कुणी ते इथे विसरून गेलंय.

"तू पहिल्या पाव सामन्यात माझ्यावरून तीन झेल घेतलेस," तो अखेर म्हणाला. "माझ्या खांद्यावर गुडघा ठेवून. बाबा कुंपणाशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघून पाठ फिरवली." त्याने श्वास घेतला. "पायमोजा. तू पायमोजा ओढत होतास."

वर झालेले हात एकेक करून खाली आले.  डगी पिअर्सनेसुद्धा टोपी काढून मांडीवर ठेवली.

"म्हणजे मी उभा नव्हतो राहिलो," नॉरी हळू म्हणाला. कुणाला उद्देशून नाही. "आणि ती बिअर? खोटं बोललो म्हणून पाजलीत मला. मी तर खरं लिहून दिलं होतं." तो हसल्यासारखा झाला आणि हसू वाकड्या जबड्यात अडकलं. मग तो ग्लेनिसकडे वळला. "आणि तुला माहीत होतं. रोज."

"रोज," ती म्हणाली.

त्याने कोट उचलला. खुर्च्यांच्या पाठी हाताने मोजत मोजत तो दारापर्यंत गेला. कुणी आधार द्यायला पुढे झालं नाही, त्याला ते चालणार नाही हे सगळ्यांना कळत होतं. दार उघडलं, थंड वारा आत आला, आणि दार लागलं.

ग्लेनिस त्याच्यामागे निघाली, तेव्हा व्हर्न म्हणाला, "पुढच्या रविवारी..."

"नको येऊस," ती म्हणाली. थांबली. "मी सांगेन तुला. केव्हा ते मी सांगेन."

घर अकरा किलोमीटर. नॉरी कच्च्या रस्त्याच्या कडेने चालत सुटला होता, कोटाची कॉलर वर करून. दोन्हीकडे नुकता उगवलेला गहू, बोटभर, हिरवा, गावात काय झालं त्याचा पत्ता नसलेला. ग्लेनिस गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून त्याच्यामागे वीस पावलांवर येत राहिली. भोंगा वाजवला नाही. हाक मारली नाही. तो दोनदा अडखळला, दोन्ही वेळा तिचा पाय ब्रेकवर गेला आणि परत आला. त्याच्या पाठीकडे बघत ती चालवत होती. त्या पाठीला आता ठाऊक होतं की तिच्यामागे कोण आहे.

तिसऱ्या किलोमीटरला, मिठाचा थर धरलेल्या तळ्यापाशी, तो उभा राहिला. बराच वेळ. मग माघारी आला, गाडीच्या काचेवरून हात फिरवत दार शोधलं.

पुढचं नाही. मागचं दार उघडून तो मागच्या सीटवर बसला.

तिने आरशात पाहिलं नाही. त्याच्या श्वासाचा आवाज येत होता, चालून थकलेला.

"पायमोजा कुठला?" तो म्हणाला. "डावा की उजवा?"

"डावा."

 तिने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. मागे सीटचा पट्टा ओढल्याचा आणि खटकन बसल्याचा आवाज आला.