बदलीसाठी ठेवलेले पैसे

अश्विनच्या बदलीचा कागद व्हॉट्सॲपवर आला तेव्हा खुशबू अंगणात मजुरांसाठी चहा गाळत होती. फोटो तिरपा काढलेला. तिने तो मोठा करून वाचला. अंबाला, पंधरा एप्रिलपर्यंत हजर. म्हणजे फौजी नवऱ्याची अरुणाचलमधली अडीच वर्षं संपली. तिथे कुटुंबाला नेता येत नव्हतं, म्हणून ती आठ वर्षांच्या मैत्रीला घेऊन सानगडीला सासरी राहत होती. आता तिघं एकत्र राहणार. तिला आनंद झाला आणि तो दुपारपर्यंत टिकला.

दुपारी सासूबाईंनी, पार्वताबाईंनी, तांदळाचे दोन कट्टे पडवीत आणून ठेवायला लावले.

"आई, हे कायले?"

"तिकडं लोकं पोळ्याच खातेत म्हणते. पोरगी भाताशिवाय राहीन का?"

"तिकडं बी तांदूळ भेटते."

"आपल्या धानाच्या बांधीतला भेटते का?"

संध्याकाळी सासरे, तेजराम, सुताराकडे जाऊन सागवानी दिवाणाचं माप देऊन आले. "सून जमिनीवर झोपन का तिथं?" असं वर तिलाच विचारलं. शेजारच्या रत्नाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "तुमाले काय हाय वो, सरकार सारं फुकटात नेते."

हे वाक्य खुशबू लग्न झाल्यापासून ऐकत होती. सरकार पैसे देत होतं, नाही असं नाही. पण ते मागून देत होतं आणि ट्रकवाल्याला आधी लागत होते. कुटुंबासकट झालेली मागची बदली सिकंदराबादची, अरुणाचलच्या आधीची. तेव्हा सामानाचं भाडं, खोलीचं डिपॉझिट आणि शाळेची फी एकाच आठवड्यात अंगावर आली होती. चांगला चालणारा फ्रिज तीन हजारांत गेला, अश्विनने चार मित्रांपुढे हात पसरले आणि बदलीचा भत्ता आला तो तीन महिन्यांनी. त्या वेळीच तिने ठरवलं होतं की पुढच्या बदलीचे पैसे आधी बाजूला पडतील. अश्विन घरखर्चाला पाठवायचा त्यातले दर महिन्याला तीन हजार ती वेगळे काढत गेली. पंच्याऐंशी हजार झाले होते. साकोलीच्या बँकेत दोघांच्या नावाने ठेव होती.

क्वार्टर लगेच मिळणार नव्हतं, वेटिंग लिस्ट होती. बाहेर खोली घ्यावी लागणार. तिने भंडाऱ्याच्या ट्रान्सपोर्टवाल्याला फोन करून भाव काढला, शाळेची चौकशी केली, गॅसचं पाहिलं. सगळं धरून पंच्याऐंशी हजारांत जेमतेम बसत होतं. दिवाण सोडून.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ती ठेव मोडायला साकोलीला गेली. काउंटरवरच्या मुलीने संगणकात बघितलं, मग पुन्हा बघितलं.

"मॅडम, ही तर आठ दिवसांआधीच बंद झाली. पैसे साहेबांच्या खात्यात गेले. मोबाइलवरून केलं त्यांनी."

खुशबूने तिला पासबुक परत दाखवलं. जणू त्यात छापलेलं पाहून बँकेचं मन बदलेल. मग ती बाहेर येऊन बसस्टँडच्या बाकावर बसली आणि अश्विनला फोन लावला. तिकडे दिवसातून दोनदा रेंज यायची. फोन लागला तो सहाव्यांदा.

"ठेव कुठं गेली?"

पलीकडे तो हसला. "बँकेत गेली होती का तू? सरप्राइज होतं ना."

"कोणतं सरप्राइज?"

"गाडी बुक केली. फोर-व्हीलर. आपल्या मिलिटरी कँटीनमधून स्वस्त पडते. उरलेलं कर्ज करू, हप्ता बसून जाईन. अंबाल्याले तुमाले गाडीत फिरवीन."

बसस्टँडवर गोंदियाची गाडी लागली होती, कंडक्टर ओरडत होता. खुशबूला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नसावं.

"खोली कायच्यात घेता?" तिने विचारलं. "ट्रकवाल्याले काय देता? गाडी देता का?"

"अवं, भत्ता येते ना."

"कवा?"

तेवढ्यात रेंज गेली. की त्यानेच फोन ठेवला, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

घरी येऊन तिने सांगितलं तेव्हा तेजराम खूश झाले. "गाडी घेतली? वा! कोणत्या रंगाची?" पार्वताबाईंनी मात्र सुनेचं तोंड पाहिलं. "त्याले लहानपणापासून इचारायची सवयच नाही," म्हणाल्या आणि पाण्याचा गिलास पुढे केला. खुशबूने पाणी घेतलं, पण तिला दोघांचाही राग आला. ही सवय लहानपणीच मोडता आली असती.

दुसऱ्या दिवशी ती हिरालाल यांच्या दुकानावर गेली. हिरालाल चोवीस वर्षं पलटणीत बाबू होते, कारकुनी करून हवालदार म्हणून निवृत्त झाले. आता बाजाराच्या रस्त्यावर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवायचे. तिने जय भीम केला आणि उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. सांगताना रडू येईल असं वाटलं होतं, पण आवाज चढतच गेला.

हिरालाल यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. "बदलीच्या ॲडव्हान्सचा अर्ज केला का त्यानं?"

"कोणता ॲडव्हान्स?"

"निघायच्या आधी भेटते, बाई. सामानाचा, प्रवासाचा. बदलीचा कागद लावून जुन्या युनिटमधूनच मागाचा असते. मग हिशोब द्याचा."

"म्हणजे सिकंदराबादच्या टायमाले बी भेटला असता?"

"मागतला असता तर."

फ्रिज, चार मित्र, तीन महिने. तिने स्टूल पुढे ओढलं.

"पोरं गोळीले भेत नाहीत," हिरालाल म्हणाले, "फॉर्मले भेतेत. माह्या टेबलासमोर चोवीस वर्षं हेच पाहिलं." त्यांनी एका कोऱ्या कागदावर काय काय जोडायचं ते लिहून दिलं. गाडीचंही सांगितलं. डिलिव्हरी झाली नसेल तर बुकिंग मोडता येईल, थोडे कापतील, पैसे परत यायला महिना-सव्वा महिना लागेल.

तिने तो कागद अश्विनला पाठवला आणि खाली लिहिलं, आजच अर्ज द्या. निळ्या खुणा दिसल्या. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा पाठवला. तिसऱ्या दिवशी आलं, "दिला." गाडीबद्दल अक्षर नव्हतं.

महिनाअखेरीस ॲडव्हान्स खरंच जमा झाला. ट्रक आणि तिकिटं त्यात भागणार होती. खोलीचं आणि शाळेचं तसंच लटकलेलं. इकडे मैत्रीने शाळेत सगळ्यांना सांगून टाकलं होतं. तिच्या बाईंनी वर्गाकडून तिला पेनांचा डबा दिला, मुलींनी केक कापला.

दोन एप्रिलला अश्विन सुट्टीवर आला. बारीक झाला होता, कानांची सालं निघत होती. मैत्री त्याच्या गळ्यातून हलेना. खुशबूने पूर्ण दिवस गाडीचा विषय काढला नाही. दुसऱ्या सकाळी तो तलावाच्या पाळीवर फिरायला निघाला, तेव्हा तीही बरोबर गेली.

"गाडीचं काय केलं?"

"ठेवू ना, खुशबू. रंग बी सांगून झाला."

"मोडा."

"तुले काही समजत नाही," तो एकदम म्हणाला. "मैत्रीले डेंगू झाला तवा आठवते का? तू तिले दुधाच्या गाडीत बसवून भंडाऱ्याले नेलं. फोनवर सांगून राहिली होती अन् मी तिथं बर्फात उभा. दोन दिवस मले कोणतं काम धड सुधरलं नाही. तवाच ठरवलं, आपल्या घरी गाडी पाहिजे म्हणून."

हे त्याने आधी कधी सांगितलं नव्हतं. तलावात दोन म्हशी डुंबत होत्या, खुशबू त्यांच्याकडे बघत राहिली. रागाने जरा बाजूला सरावं असं तिला वाटलं. पण राग काही हलला नाही.

"दुधाची गाडी भेटली होती," ती म्हणाली. "दवाखान्यात आधी पैसे भरा म्हणत होते, ते बी माह्यापाशी होते, कारण मी ठेवले होते. मैत्री त्याच्यानं बरी झाली. अन् तुमी नेमके तसेच पैसे उचलले."

"सांगणारच होतो."

"इचारणार नव्हते. मी नाही म्हणन, हे माहीत होतं म्हणून नाही इचारलं. खरं की नाही?"

अश्विनने पायाने एक ढेकूळ पाण्यात ढकललं. "खरं आहे," म्हणाला.

घरी आल्यावर त्याने ओट्यावर बसून बुकिंग मोडलं. चार हजार कापले गेले. तेजराम दिवसभर नाराज होते. त्यांनी चार लोकांना रंग सांगून ठेवला होता.

पैसे परत यायला मे उजाडणार होता. म्हणून खुशबूने ठरवलं की अश्विनने एकट्याने जावं, बराकीत राहावं, क्वार्टरसाठी नाव लावावं. किल्ली मिळाली की त्या दोघी निघतील. बाहेरच्या खोलीचं डिपॉझिट वाचेल. हिशोब बरोबर होता, पण तो मैत्रीला सांगायचं काम तिच्याकडेच आलं.

"मी जाऊन राहिली म्हणून सगळ्यायनं केक कापला," मैत्री म्हणाली. "आता मी त्याच शाळेत कशी जाऊ?"

"जाशीन. दोन महिन्याची तर गोष्ट."

"पेनाचा डबा वापस मागतीन."

मागितला नाही कोणी. पण एका मुलीने "तू तर गेली होती ना?" असं रोज विचारलं आणि मैत्री रोज घरी येऊन ते आईला सांगत राहिली. दोष अश्विनचा होता आणि ऐकून खुशबू घेत होती.

क्वार्टर जूनच्या पहिल्या आठवड्यात मिळालं. ट्रकवाल्याने वजन बघून दिवाण नाकारला, तेव्हा खुशबूला तो देवमाणूस वाटला. तांदळाचा एक कट्टा मात्र पार्वताबाईंनी चढवलाच. निघताना त्यांनी सुनेच्या हातात पाचशेची एक नोट कोंबली. "त्याले नको सांगू," म्हणाल्या.

अंबाल्याच्या क्वार्टरमध्ये दोन खोल्या होत्या, एक पंखा चालत होता आणि पाणी सकाळी फक्त अर्धा तास यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने अश्विनला बादली आणायला पाठवलं. पाच मिनिटांनी फोन.

"खुशबू, झाकणाची घेऊ का बिनाझाकणाची? तीस रुपयांचा फरक आहे."

"झाकणाची."

पुन्हा फोन. "वीस लिटर का पंचवीस?"

"पंचवीस."

पुन्हा. "दुकानदार म्हणते दोन घेतल्या तर—"

"अवो, कोणती बी आणा!" ती ओरडली. शेजारच्या बाई दारात आल्या. "आणा फक्त!"

नळाला पाणी येऊन वीस मिनिटं झाली होती.