चुलीपुढची इंग्रजी

साहेब म्हटला की त्याला कसला ना कसला नाद असायचाच. नंदुरबारच्या जिनिंगमधल्या साहेबाला सायकलीचा होता. गावोगाव फिरून कापूस बघायला त्याला माणूस हवा होता; घरची सायकल असलेला, आणि इंग्रजीत विचारलं तर इंग्रजीत बोलणारा. विचारायचा तेही सायकलीबद्दलच! नथ्थू मास्तरांनी त्याचे सवाल कुठूनसे मिळवले आणि तापीकाठच्या प्रकाशा गावातल्या दोधूकडून जवाबांसकट घोकून घेतले.

ही नोकरी लागावी असा ध्यास दोधूपेक्षा त्याच्या बायकोलाच जास्त. गजराला अक्षराची ओळख नव्हती, पण बाई मोठी वस्ताद! मास्तर ओट्यावर शिकवायचे, आणि हिनं दाराआडून ऐकून सगळे सवाल जसेच्या तसे उचलले. मग रोज भाकरी थापताना नवऱ्याला चुलीपुढे उभा करायचा आणि साहेबाच्या तोऱ्यात इंग्रजीत विचारायचं. सायकल आहे का? रंग कोणता? पंक्चर काढता येतं का? दिवसाला किती मैल जाशील? अर्थ तिला ठाऊक नव्हता, पण क्रम पक्का. दोधू अडखळला की म्हणायची, "आज भाकर मिळाव नही, सांगी ठेवस!"

ती गजरा बाळंतपणात गेली, लेकरासकट गेली. तेरावं उरकलं आणि साहेबाचं बोलावणं आलं. दोधूला तोवर रडू आलं नव्हतं. भाऊबंद म्हणत, पोरानं छातीवर धोंडा ठेवलाय. कसला धोंडा! त्याला काही वाटतच नव्हतं, आणि याचीच त्याला लाज वाटायची.

"जाय रे भाऊ," आई दगूबाई म्हणाली. "तिना जीव त्यामाच व्हता."

जा म्हटलं म्हणून तो गेला. नको म्हटलं असतं तर ओट्यावर बसून राहिला असता. सायकल नावेत घातली, तापी ओलांडली आणि नंदुरबार गाठलं.

साहेबाच्या शेजारी बन्सीलाल कारकून बसला होता, दुभाष्या म्हणून. साहेबानं विचारलं, सायकल आहे का? "यस सर." पुढं साहेब एकदम पंक्चरवर गेला. दोधूला साहेबाचे ओठ हललेले दिसले, पण कानात गजराच बोलत होती, आणि तिचा दुसरा सवाल रंगाचा.

"ब्लॅक, सर."

साहेबानं भुवया चढवल्या. दिवसाला किती मैल जाशील?

"यस सर, आय कॅन."

बरं, रंग कोणता?

"ट्वेंटी माइल्स, सर."

बन्सीलालनं तोंडावर हात धरला. साहेब मात्र खो खो हसत सुटला. उत्तरं सगळी चोख, फक्त जागा चुकलेल्या! डोळे पुसत त्यानं विचारलं, तुला शिकवलं कोणी? एवढं इंग्रजी दोधूला समजलं.

"माय वाइफ, सर."

साहेबाचा विश्वास बसेना. मग दोधूनं आपल्या बोलीत बन्सीलालला सांगितलं आणि बन्सीलालनं साहेबाला. चूल, भाकरी, दाराआडून ऐकणं, सगळं. साहेब ऐकत राहिला. मग म्हणाला, ज्याच्या घरात अशी बाई, तो माणूस कामात हयगय करणार नाही. ठेवून घ्या याला. आणि एक दिवस तिला इथं घेऊन ये, मला बघायचंय तिला.

बन्सीलालनं ते मराठीत सांगितलं. दोघंही दोधूच्या तोंडाकडं बघत राहिले. ती गेली, हे इंग्रजीत कसं म्हणायचं ते मास्तरांनी शिकवलं नव्हतं.

"यस सर," दोधू म्हणाला.

बाहेर बन्सीलाल पायऱ्यांपर्यंत सोडायला आला. त्यानं दोधूच्या पाठीवर थाप मारली. "नशीब काढं भाऊ तू! पण ध्यानमा ठेव, साहेब इसरत नही. खरंच लई ये तिले."

आता समोर साहेब नव्हता, इंग्रजीही नव्हती. बन्सीलाल तर त्याच्याच बोलीत, तिला घेऊन ये म्हणत होता.

"हा," दोधू म्हणाला, "लई येसु."