राखून ठेवलेली रेकॉर्ड

आमच्या घरात दोन खोल्या आणि एक सवत. ही सवत काचेच्या कपाटात उभी असते, प्रत्येक रेकॉर्डच्या कव्हरला वेगळी प्लास्टिकची पिशवी घालून, आणि कपाटाला कुणाचा ओला हात लागला तर आमच्या यांना जेवण जात नाही. लग्न झालं तेव्हा मला वाटलं होतं, बरं झालं, बाटली नाही, पत्ते नाहीत, नवरा नुसती गाणी ऐकतो. पहिल्याच रविवारी यांनी रेकॉर्ड लावली आणि मी स्वयंपाकघरातून धावत बाहेर आले, कारण मला वाटलं कुणाच्या तरी घशात घास अडकलाय.

ते गाणं होतं. गाणारा आधी खोकायचा, मग गिटारच्या तारांवरून काचेची नळी घासत न्यायचा, आणि सगळा वेळ पायाने फळीवर ठोकत राहायचा. मी त्याचं नाव खोकल्या ठेवलं. यांना राग येईल अशी माझी अपेक्षा होती, पण यांना ते नाव इतकं पसंत पडलं की त्यांनी ते आपल्या एकुलत्या एक मित्रालाही सांगितलं. तेव्हापासून तो दूरदेशीचा माणूस आमच्या घरात खोकल्या म्हणूनच नांदला.

खोकल्याने एक अल्बम पाण्याच्या रिकाम्या टाकीत बसून केला होता. एक गिटारच्या तीन तारा काढून टाकून. एकात तर ड्रिल मशीन चालू होतं आणि तो त्याच्याशी भांडत गात होता. चाली म्हणे जुन्याच, ब्लूजच्या, एकट्या माणसाच्या रडगाण्याच्या. फक्त हा त्या मोडायचा आणि परत जोडायचा, आणि जोडताना एखादा तुकडा मुद्दाम खाली ठेवायचा. "बाकीचे लोक दुःख गातात," हे म्हणायचे. "हा दुःख दुरुस्त करायला घेतो, आणि ते जमत नाही त्याचा आवाज आपल्याला ऐकवतो." हे लिफ्टचे मेकॅनिक, त्यामुळे यांना जगात सगळीकडे दुरुस्तीच दिसायची. टाकीतला अल्बम मला आवडायचा. आवाज जायचा आणि थोड्या वेळाने परत यायचा, दारापर्यंत जाऊन फिरलेल्या माणसासारखा. पण मी तो कपाळाला आठी घालूनच ऐकत असे. इतक्या सहज कोण कबूल होतं.

मित्र म्हणजे चावीवाले भावजी. चौकात त्यांची चाव्या बनवायची टपरी आहे. दर रविवारी येणार, दाराजवळच्या स्टुलावर बसणार, डोळे मिटणार आणि सुई टेकली की मांडीवर पंजा मारायला सुरुवात करणार. मी म्हणायचे, "भावजी, पँट फाटली तर शिवायला माझ्याकडेच आणाल, म्हणून सांगते, जरा हळू." मी दुकानातले कपडे अल्टर करून देते; मांडीवर झिजलेल्या पँटी मला चांगल्या ओळखता येतात.

या खोकल्यावेड्या लोकांची एक रीत होती. एक अल्बम न ऐकता राखून ठेवायचा. खोकल्या तर केव्हाच वारलेला, आता नवं काही येणार नाही. सगळं ऐकून संपवलं तर तो खरा मेला. म्हणून यांनी त्याचा शेवटचा अल्बम आणला तो तसाच सीलबंद ठेवला. त्याच्या प्रती फार थोड्या निघाल्या होत्या. भावजींना मिळालीच नाही. ते कधीमधी ती कपाटातून काढून हातात घ्यायचे, उलटीसुलटी बघायचे आणि परत ठेवायचे. फोडू या, असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. मीच म्हणायचे, "लोणचं घाला तिचं."

यांचा डावा कान आधीच गेला होता. आत नसेवर गाठ होती, ती काढली, कान गेला. मग एक दिवस हे कामावरून लवकर आले, बुटांसकट खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आज लिफ्टच्या खड्ड्यात तोल गेला. दोर हातात होता म्हणून वाचलो." तपासलं तर उजव्या बाजूलाही गाठ होती. डॉक्टरीणबाईंनी गोड बोलून पण स्पष्ट सांगितलं. ठेवली तर मेंदूवर दाबेल. काढली तर उरलंसुरलं ऐकणं जाईल. तोवर ऐकण्याचाही चिखल झालाच होता. आवाज पोचायचा, शब्द पोचायचे नाहीत. घरी येताना हे म्हणाले, "तू बोलतेयस एवढं कळतं. काय बोलतेयस ते कळत नाही."

"लग्नापासून तेच चाललंय," मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं. त्यांना ते कळलं नाही, पण मी चिडवतेय हे कळलं, आणि ते हसले. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

भरती व्हायच्या आदल्या दुपारी यांनी कपाट उघडलं आणि ती रेकॉर्ड माझ्या हातात दिली. शिवण उसवायच्या ब्लेडने मी सील कापलं. आतली रेकॉर्ड काळी कुळकुळीत, लेबलवर खोकल्याचं नाव आणि त्याच्या प्रत्येक रेकॉर्डवर असायचं ते ओरखड्यांचं चित्र. हे जमिनीवर बसले, भिंतीला पाठ लावून, आणि चांगला कान स्पीकरच्या जाळीला टेकवला. मी सुई ठेवली.

"माझ्या काकांकडे दोन छत्र्या आहेत," एक माणूस मलाही कळेल अशा सोप्या इंग्रजीत, स्वच्छ आवाजात म्हणाला.

मग एका बाईने तेच भलत्याच कुठल्यातरी भाषेत म्हटलं. मग काहीच नाही, नुसती खरखर. मग तो माणूस म्हणाला, "स्टेशन कुठे आहे?" मग बाई. मग परत रिकामी जागा.

मला आधी वाटलं, ही खोकल्याची काहीतरी थेरं. आता खोकेल, मग खोकेल, म्हणून वाट बघत बसले. छत्र्या झाल्या, स्टेशन झालं, डाळिंबं महाग आहेत झालं. मग लक्षात आलं. ही भाषा शिकवायची रेकॉर्ड होती. कारखान्यात कुणीतरी साचा बदलायला विसरला होता. लेबल खोकल्याचं, आत भलतंच. आणली त्याच आठवड्यात फोडली असती तर दुकानदाराने मुकाट्याने बदलून दिली असती. राखून ठेवली. इतकी वर्षं पिशवीत घालून राखून ठेवली.

मी सुई उचलायला हात पुढे केला आणि यांच्याकडे पाहिलं. यांचे डोळे मिटलेले होते आणि गालावरून पाणी ओघळत होतं.

"वाद्यं टाकून दिली त्याने," हे म्हणाले. "शेवटी सगळं टाकून दिलं. नुसता आवाज. एक विचारतो, दुसरं उत्तर देतं, आणि मग रिकामी जागा. ती जागा आपल्यासाठी आहे. आपण काही म्हणावं म्हणून सोडलीय त्याने." आणि मग, "खोकला पण नाही बघ. बरा झाला शेवटी."

माझा हात मागे आला. यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, कसं आहे, अशा अर्थाने, आणि मी मान डोलावली. दोन्ही बाजू लावल्या, मग परत दोन्ही. संध्याकाळपर्यंत मी भांड्यालासुद्धा आवाज करू दिला नाही. शेजारीण आली तिला दारातूनच हाताने परत पाठवलं. स्वतः तोंडातून शब्द काढला नाही, की त्या उरलेल्या ऐकण्यातला एक थेंबही दुसरीकडे सांडायला नको. मला वाटत होतं, मी केवढं मोठं काम करतेय. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलात ट्रॉल्यांचा आणि बादल्यांचा गोंगाट होता. त्या गोंगाटातून यांना आत नेलं.

शुद्धीवर आले ते पूर्ण बहिरे. बोलायचे मात्र खूप, आणि मोठ्याने, कारण स्वतःचा आवाजही स्वतःला ऐकू येत नव्हता. आम्ही पाठकोऱ्या कागदांवर लिहून त्यांच्याशी बोलायचो. यांचं बोलणं फिरून फिरून त्या रेकॉर्डवर यायचं. लोकांनी लिफ्टमध्ये आरसा लावायच्या ऐवजी ती रेकॉर्ड लावावी, एवढंसुद्धा म्हणून झालं. भावजींना बोलाव, त्यांनी ती ऐकलीच पाहिजे, हा धोशा. मी आज तुम्ही थकलाय, उद्या त्यांना काम आहे, असं करत पुढे ढकलत राहिले. शेवटी एका रविवारी भावजी आपण होऊनच आले.

मी जिन्यातच त्यांना गाठलं. यांना ऐकू येत नाही हे माहीत असून कुजबुजले. "भावजी, रेकॉर्ड चुकीची निघालीय. खोकल्याची नाहीच, भाषेचे धडे आहेत. यांना माहीत नाही. कृपा करून चेहऱ्यावर काही दाखवू नका."

भावजींनी कठडा धरला. त्यांनीही त्या अल्बमची इतकी वर्षं वाट पाहिली होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. "काळजी करू नका वहिनी," ते म्हणाले. "मी सांभाळतो."

हे समोरच्या खुर्चीत तयारच बसले होते. "आता तू ऐक," हे ओरडून म्हणाले, "आणि मी तुझ्याकडे बघतो. मला आता तेवढंच उरलंय." भावजी स्टुलावर बसले. मी सुई ठेवली. माझ्या काकांकडे दोन छत्र्या आहेत. भावजींनी डोळे मिटले, मान मागे टाकली, आणि गुणी माणूस तो, मांडीवर पंजा मारायला लागले. दर रविवारी मारायचे तसा, दमदार, न चुकता.

हे आधी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मग हाताकडे बघायला लागले. बघता बघता यांच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं.

"ठेका कसला धरलायस?" हे म्हणाले. भावजींचा हात वरच राहिला. "याच्यात वाद्यच नाही. नुसती माणसं बोलतायत. मध्ये शांतता आहे. तू शांततेतसुद्धा मांडी बडवतोयस."

मी कपाळाला हात लावला. जिन्यात मी सगळं सांगितलं होतं, फक्त यांना काय ऐकू आलं होतं ते सांगायचं राहून गेलं होतं.

हे माझ्याकडे वळले आणि कागद पुढे सरकवला. "काय आहे ते लिही."

मी लिहिलं, भाषा शिकवायची रेकॉर्ड आहे. कारखान्यातली चूक.

यांनी वाचलं. परत वाचलं. "तुला कधी कळलं?"

पहिल्याच वाक्याला, मी लिहिलं.

मला वाटलं, आता हे रेकॉर्ड फेकतील, नाहीतर मला बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं. रेकॉर्डवरचा माणूस दुकान केव्हा उघडतं म्हणून विचारत होता. मी सुई उचलली. भावजी रुमालात तोंड घालून बसले होते.

"मग उठवायचं ना मला तिथून," हे म्हणाले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच यांचा आवाज खाली आला होता. "अख्खी संध्याकाळ हातात होती."

मला वाटलं, टाकीतला अल्बम ऐकायचा राहिला म्हणून म्हणतायत. मी लिहिलं, कुठली लावली असती?

"कुठली नाही. तुला बोलत बसवलं असतं. शब्द कळत नव्हते, पण आवाज तुझा होता. त्या दिवशी तू दुपारपासून एक अक्षर बोलली नाहीस. मला वाटलं, तू रडतेयस आणि मला कळू नये म्हणून गप्प आहेस. म्हणून मीही बोल म्हटलं नाही."

पेन्सिल माझ्या हातात होती. ती टेबलावर ठेवली आणि मी बोलायला लागले. त्या दिवशी बोलायचं होतं ते, त्याच्या आधी कधीच न बोललेलं, सगळं, एकापाठोपाठ एक. हे माझ्या ओठांकडे टक लावून बघत होते. चावीवाल्या भावजींनी सगळं ऐकलं.